चुनच्या हातचं अंड्याचं धिरडं

चुननं तिसऱ्यांदा पीठ तव्यावर ओतलं आणि तिसऱ्यांदा ते मधोमध फाटलं. तिनं उलथन्यानं सगळं गोळा केलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं, तवा पुसला आणि पुन्हा गॅस पेटवला. मी बूट घालून, गळ्याला मफलर गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

"बाबा, तुम्ही बसा," माझ्याकडं न बघता ती म्हणाली.

"बसून काय करू? नऊला बोलावलंय ना डॉक्टरांनी?"

"वेळ आहे. बसा."

वेळ होता खरा. पण मला बसवत नव्हतं. मी खिडकीपाशी जायचो, खाली रस्त्यावर बघायचो, परत दारात यायचो. नळ नीट बंद आहे का बघायचो. मोबाईल काढून बघायचो आणि काही आलेलं नाही म्हणून परत खिशात घालायचो. एसटीत असताना गाडी सुटायला जरा उशीर झाला तरी माझा पाय क्लचवर नाचायचा, आणि आज तर माझ्या पोराचं जगणं-मरणं ठरायचं होतं.

आमचं गाव तासगाव. सतेज माझा एकुलता एक. इंजिनिअर झाला, तैवानच्या एका कंपनीत लागला, तिथंच यी-चुनशी, म्हणजे आमच्या या चुनशी, लग्न करून मोकळा झाला, आणि मग कंपनीनं दोघांना मेक्सिकोतल्या कारखान्यावर धाडलं. ग्वादालाहारा त्या शहराचं नाव. आमच्याकडं कुणाला ते सरळ म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे "अमेरिकेच्या खाली" एवढंच सांगायचे. लग्नानंतर चुन एकदा तासगावला येऊन गेली होती, पंधरा-वीस दिवस. साडी नेसून सगळ्यांच्या पाया पडली, वांग्याची भाजी मागून घेऊन खाल्ली. माझी बायको शालन तिच्यावर खूश होती. मी पण होतो, पण मला तिच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. ती मला "बाबा" म्हणायची, मी तिला "पोरी" म्हणायचो, आणि आमचं बोलणं तिथं संपायचं.

मग एक दिवस तिचा फोन आला. सतेजच्या गाडीला अपघात झाला होता. मी म्हटलं, कुणीतरी ट्रकवाल्यानं ठोकलं असणार. डोक्याला मार बसला होता, मेंदूला सूज होती. शालनला गुडघ्यांमुळं जिना उतरणं मुश्कील, त्यामुळं मी एकटाच निघालो. सतेज-चुननं मागं बोलावलं होतं म्हणून पासपोर्ट आधीच काढून ठेवला होता, बाकीचं कंपनीनं बघितलं. मी पोचलो तेव्हा आठवडा होत आला होता. सतेज नळ्यांत गुंडाळून पडला होता. डॉक्टरांनी त्याला औषध देऊन झोपवूनच ठेवला होता, सूज उतरेपर्यंत. आज त्या औषधाचा जोर कमी करायचा होता. डोळे उघडतो का, उघडले तर आपल्याला ओळखतो का, हे आज कळणार होतं.

आणि अशा सकाळी ही पोरगी धिरडी घालत बसली होती.

तो तिचा रोजचाच उद्योग होता. मी आल्यापासून बघत होतो. तैवानात ताइनान म्हणून शहर आहे, तिथं तिच्या आईचं न्याहारीचं छोटंसं दुकान होतं, आणि हे अंड्याचं धिरडं त्या दुकानातलं. पीठ आपल्या धिरड्यासारखंच पातळ. ते तव्यावर पसरायचं, त्यावर फेटलेलं अंडं आणि पातीचा कांदा, मग उलटायचं, गुंडाळी करायची आणि सुरीनं तुकडे पाडायचे. वरून काळा सोयासॉस. सतेजनं फोनवर मला कितीदा तरी कौतुकानं सांगितलेलं. पण इथं ती जे करत होती ते काही निराळंच होतं. पिठात ती निम्मं मक्याचं पीठ घालायची, इथल्या रोट्यांचं असतं ते. शेजारच्या शेगडीवर हिरव्या टोमॅटोसारखी आंबट फळं आणि मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायची, त्या धुरानं मला खोकला यायचा. मग ते सगळं लसूण, कोथिंबीर घालून दगडाच्या खलात कुटायची. गुंडाळीच्या आत तारा सुटणारं पांढरं चीज, शिजवून घोटलेल्या काळ्या घेवड्याचा थर, आणि ती हिरवी चटणी. सोयासॉसचे मोजके थेंब आत कुठंतरी लपवायची. मी दोन-तीन दिवस खाल्लं होतं. वाईट नव्हतं. पण माझं लक्ष खाण्यात नव्हतं.

एक गुंडाळी मला, एक तिला, आणि एक ती डब्यात भरून, फडक्यात बांधून दवाखान्यात न्यायची. तिथं गेलो की ती म्हणायची, "बाबा, मी येतो." आणि डबा घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जायची. येताना डबा रिकामा असायचा. मला वाटायचं, तिकडं एकटी बसून खाते. माझा पोरगा आत नळ्यांवर पडलेला आणि हिला दोन-दोनदा भूक लागते, हे मला आतून टोचत होतं. बोललो नव्हतो इतकंच.

चौथ्यांदा पीठ ओतताना तिची पळी तव्याच्या कडेला लागली, पीठ शेगडीवर सांडलं आणि जळल्याचा वास सुटला. ती वाकून फडक्यानं शेगडी पुसायला लागली आणि माझा धीर सुटला.

"बास कर आता," मी म्हणालो. "काय खायचं ते तिथं खाऊ. नाहीतर उपाशी राहू एक दिवस. आज कुणाच्या घशाखाली उतरणार आहे?"

ती पुसायची थांबली नाही. "आज पण न्यायला पाहिजे."

"कुणाला? सतेज खाणार आहे का?"

"सतेज नाही खाणार," ती म्हणाली. "आई खाणार."

मला वाटलं, शब्द चुकला. तिचं मराठी सतेजनं शिकवलेलं, अर्धं पुरुषासारखं. "कुणाची आई?"

तिनं गॅस बंद केला. फडकं हातात घेऊन ती माझ्याकडं वळली. तिचं तोंड मी इतक्या दिवसांत नीट बघितलंच नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, ओठ फुटले होते.

"त्या माणसाची आई. सायकलवाला माणूस." ती शब्द शोधत, एकेक पुढं ठेवत होती. "बाबा, ट्रक नाही. ट्रक नव्हता. सतेज रात्री काम केला. सकाळी गाडी चालवत घरी येत होता. झोप लागली. समोर सायकल होती. मग सायकल... मग खांब."

मी ऐकून घेतलं. ती जे म्हणाली त्यातला शब्द न् शब्द कळला, तरी मी विचारलं, "सतेजनं धडक दिली?"

"हो."

"आणि तो माणूस?"

"त्याच दवाखान्यात. नाव एउसेबियो. बागेत काम करतो, लोकांच्या. पाय, कंबर, सगळं तुटलं. दोन वेळा ऑपरेशन. त्याची आई बाहेर बसतो. निळी शाल."

व्हरांड्याच्या त्या टोकाला निळ्या शालीतली एक म्हातारी रोज बसलेली असायची. पांढऱ्या केसांची लांब वेणी. मी तिच्यासमोरून पाणी प्यायला जायचो. एकदा तिच्या पायापाशी पिशवी पडली होती, ती मी उचलून दिली होती. तिनं घेतली, काही बोलली नाही.

आणि सतेजच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून एक पोलीस बसायचा. परदेशी माणूस म्हणून बंदोबस्त ठेवलाय, अशी माझी समजूत. खाकी नसली तरी वर्दी ती वर्दी, म्हणून मी रोज जाता-येता त्याला हात करायचो. तो पण मान हलवायचा. तो माझ्या पोराच्या रक्षणाला बसलेला नव्हता. माझा पोरगा शुद्धीवर आला तर त्याला ताब्यात घ्यायला बसला होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विमानतळावर आला," ती म्हणाली. "पहिलं बोलला, त्या ट्रकवाल्याला सोडू नका. मी कसा सांगणार?"

खरं होतं. ट्रक कुणी आणला होता? तिनं फोनवर फक्त अपघात म्हटलं होतं. ट्रक माझ्या डोक्यातून आला होता. मी शालनला सांगितला, शालननं भावकीला सांगितला, आणि तासगावातून निघेपर्यंत त्या ट्रकचा ड्रायव्हर दारू प्यालेलासुद्धा झाला होता. माझ्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. मी सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला. सतेजला गाडी मीच शिकवली, मणेराजुरीच्या रस्त्यावर, मित्राच्या जीपवर. त्याला सांगायचो, ब्रेक निकामी झाला तर गिअर आहे, गिअर गेला तर बांध आहे, पण डोळा मिटला तर काहीच नाही. डोळा जड झाला की गाडी बाजूला घे, मागं कोण का बोंबलेना. हे त्याला पाठ होतं.

मी जिना उतरून खाली गेलो.

रस्ता नुकता जागा होत होता. कोपऱ्यावर एक बाई वाफाळत्या पातेल्यातून काहीतरी विकत होती, भोवती कामाला निघालेली माणसं उभी राहून खात होती. मी चालत सुटलो. कुठं जायचं ठरवलं नव्हतं. समोरून सायकली येत होत्या. एकाच्या सायकलीला मागं खराटा आणि फावडं बांधलेलं होतं, हँडलला डब्याची पिशवी. तो माझ्या अंगावरून गेला आणि मी वळून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. एक गाडी जोरात गेली तेव्हा मी भिंतीकडं सरकलो. मी परत फिरलो, पुन्हा कोपऱ्यापर्यंत आलो, पुन्हा फिरलो. अनोळखी गावात रागावून जायलासुद्धा जागा नसते.

तेवढ्यात शालनचा फोन आला. तिकडं संध्याकाळ झालेली. दिवा लावला, म्हणाली. सतेज उठला का, विचारलं. अजून जायचंय म्हटल्यावर म्हणाली, "आणि त्या ट्रकवाल्याचं काय केलं पोलिसांनी?"

"ट्रक नव्हता, शालन."

"म्हणजे?"

"नव्हताच. आल्यावर सांगतो."

तिनं एवढंच विचारलं, मी काही खाल्लं का. मी हो म्हणालो.

वर आलो तेव्हा चुन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन. पिठाचं भांडं ओट्यावर तसंच. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. आता मला सगळं ऐकायचं होतं, आणि तिनं ते तिच्या मोडक्या मराठीत, मध्ये इंग्रजी घालत, सांगितलं.

पहिल्या दिवशी तिला कळेना त्या म्हातारीपुढं कसं जावं. माफी मागितली तर तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी चुननं आपल्या आईच्या पद्धतीचं धिरडं करून नेलं आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. डबा संध्याकाळपर्यंत तिथंच होता, उघडलासुद्धा नव्हता. तिसऱ्या दिवशीही तेच. पण त्या दिवशी चुननं बघितलं, म्हातारीनं शालीतून फडकं काढलं आणि त्यातली मक्याची वाळकी रोटी नुसतीच चावत बसली. चौथ्या दिवशी चुननं पिठात मका घातला आणि हिरवी चटणी केली. म्हातारीनं वासावरून डबा उघडला, अर्धं खाल्लं आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलली. म्हणाली, हे काळं खारट पाणी काय घातलंयस, कसलं घाण. मग सोयासॉस कमी झाला. पाचव्या दिवशी म्हणाली, चटणीच्या मिरच्या कच्च्या आहेत. मग त्या भाजल्या. मग म्हणाली, यात घेवडा पाहिजे. असं करत करत ते धिरडं तिथवर आलं होतं.

"ती दुसरं काही बोलत नाही," चुन म्हणाली. "फक्त चूक काढते. पण मग मी दुसऱ्या दिवशी परत जाऊ शकतो."

मी बूट काढले, हात धुतले आणि शेगडीशी उभा राहिलो.

"तू आंघोळ करून घे," मी तिला म्हणालो. "मी करतो."

"तुम्ही?"

मुक्कामाच्या गाड्या चालवलेल्या माणसाला अंडं करता येतं. रात्री खेड्यात गाडी उभी करायची, देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर पथारी टाकायची आणि पहाटे परतीची गाडी काढायच्या आधी स्टोव्हवर दोन अंडी फोडून घ्यायची. मी आणि माझा कंडक्टर कितीतरी वर्षं तेच खाऊन निघायचो. चुनचं पीठ मी पळीनं हलवून बघितलं. फाटत होतं कारण मका खाली बसला होता आणि वर नुसतं पाणी ओतलं जात होतं. तळापासून ढवळलं, चमचाभर गव्हाचं पीठ घातलं. तवा तापवला, तेल फिरवलं, पीठ ओतलं. कडा सुटल्यावर अंडं, कांद्याची पात. उलटताना श्वास रोखला. फाटलं नाही. एका बाजूनं जरा जास्त लाल झालं, कारण आच कमी करायचं मला सुचलंच नाही, सगळं लवकर व्हावं असं वाटत होतं. आत घेवडा, चीज, चटणी. चुन ओले केस बांधत आली आणि तिनं बाटलीतून सोयासॉसचे तीन थेंब टाकले.

"लपवायचं," ती म्हणाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती.

चुन जागच्या जागी थांबली. मीही थांबलो. शाल नाही, पिशवी नाही. माझ्या मनात जे आलं तेच तिच्याही आलं असणार, कारण तिनं माझा दंड धरला. आमच्यात तेवढा स्पर्श त्याआधी कधी झाला नव्हता. एक नर्स समोरून चालली होती, चुननं तिला अडवलं. दोघींचं भरभर बोलणं झालं. मला फक्त नर्सचा खाली दाखवणारा हात दिसत होता, आणि खाली काय असतं दवाखान्यात, हे मला माहीत होतं.

"खालच्या मजल्यावर नेलं," चुन म्हणाली. "साध्या वॉर्डात. तो बरा आहे, बाबा. बोलतो."

मी भिंतीला टेकलो. तेवढ्यात अतिदक्षता विभागाचं दार उघडलं आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चुनला हाक मारली. त्यांनी पहाटेपासूनच औषध कमी केलं होतं, आता कुणीतरी ओळखीचं त्याच्याजवळ बोलायला हवं होतं. दोघांनी यावं, असं त्या खुणेनं म्हणाल्या.

मी पाऊल उचललं. चुनच्या हातात डबा होता. तिनं तो खाली ठेवायला जागा शोधली, आणि मला दिसलं, ती तो नंतर देणार, मग नंतर आणखी काही होणार, आणि आज तो डबा जायचा नाही. कशामुळं ते आजही सांगता येत नाही, पण मी तिच्या हातून डबा घेतला.

"तू जा," मी म्हणालो. "त्याच्याशी बोल. मी हे देऊन येतो."

"बाबा, सतेज..."

"तुझाच आवाज त्याला जास्त ओळखीचा आहे. जा."

ती आत गेली. मी जिना उतरलो. एवढ्या लांब पोरासाठी आलो आणि तो डोळे उघडायच्या वेळेला त्याच्याकडं पाठ करून चाललो होतो. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, माघारी फिरावं. मला तिथली भाषा येत नव्हती. वॉर्डाच्या दारातून मी एकेक पलंग बघत गेलो, लोक माझ्याकडं बघत होते. शेवटी खिडकीजवळ निळी शाल दिसली.

पलंगावर माझ्या सतेजपेक्षा जरा थोराड माणूस पडला होता. उन्हानं रापलेला, गालावर जखम, एक पाय लोखंडी सांगाड्यात टांगलेला. तो जागा होता. म्हातारीनं मला बघितलं, मग डब्याकडं बघितलं. डबा तिच्या ओळखीचा होता. डब्यामागचा माणूस नव्हता.

मी काय बोलणार? तरी मराठीतच बोललो. छातीवर हात ठेवला, वरच्या मजल्याकडं बोट केलं आणि म्हणालो, "मी त्याचा बाप."

तिला ते शब्द कळले नसतील, पण बाकी कळलं. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काही मऊ आलं वगैरे म्हणणार नाही, कारण आलं नव्हतं. मला वाटलं, आता ही डबा फेकून देईल, आणि दिला तर ते बरोबरच आहे. मी हात जोडून उभा राहिलो.

एउसेबियो आईला हळू आवाजात काहीतरी म्हणाला. तिनं डबा घेतला, फडकं सोडलं, झाकण काढलं. गुंडाळीचा एक तुकडा मोडला आणि पोराच्या तोंडात घातला. तो चावताना दुखत असावं, कारण त्याचे डोळे मिटले. त्यानं गिळलं आणि तोंड पुन्हा उघडलं. तिनं दुसरा तुकडा दिला. मग तिसरा स्वतः खाल्ला. दोन घास चावून तिनं माझ्याकडं बघितलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "एस्ता केमादो."

मी मान हलवली. मला वाटलं, शाप दिला. घ्यायचाच होता. वळलो आणि जिना चढताना ते दोन शब्द विसरू नये म्हणून पुटपुटत राहिलो. एस्ता केमादो, एस्ता केमादो. तिनं काय म्हटलं ते मला माहीत असायला हवं होतं, कितीही वाईट असलं तरी.

वर चुन दाराबाहेर उभी होती. रडत होती.

"डोळे उघडले," ती म्हणाली. "माझा हात दाबला. बाबा, त्यानं दोन वेळा दाबला."

मी तिला जवळ घेतलं की तिनं मला धरलं, आठवत नाही. थोड्या वेळानं श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं, "पोरी, एस्ता केमादो म्हणजे काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "कोण म्हणाला?"

"ती म्हातारी. खाल्लं आणि मग म्हणाली."

चुन रडता रडता हसायला लागली. दारातला पोलीससुद्धा बघायला लागला. "करपलंय," ती म्हणाली. "ती म्हणते, करपलंय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पुढचं सगळं सांगत बसत नाही. सतेजवर खटला झाला, लायसन्स गेलं, त्याला चालायला पुन्हा शिकावं लागलं. एउसेबियो काठीवर आला आणि काठी त्याची सुटली नाही. त्या म्हातारीनं, एल्विरा तिचं नाव, माफ केलं असं कधीच म्हटलं नाही, आणि आम्ही ते मागायलाही गेलो नाही. पण मी तिथं होतो तोवर रोज सकाळी डबा घेऊन खालच्या मजल्यावर जात होतो, आणि ती रोज काहीतरी नाव ठेवत होती.

मला सांगायचं आहे ते सतेजच्या घशातली नळी काढली त्या दिवसाचं. त्या दिवशी चुन औषधं आणायला गेली होती आणि मी एकटाच त्याच्यापाशी होतो. त्याचा आवाज फाटलेला होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही, किंवा वाटायला ताकद नसावी. तो ओठ हलवत राहिला आणि मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"सायकल," तो म्हणाला.

त्याला आठवत होतं. एवढ्या दिवसांच्या झोपेत ते त्याच्या आतच राहिलं होतं. मी त्याच्यासाठी किती बोलणी तयार करून ठेवली होती. मणेराजुरीचा रस्ता, जड डोळे, माझा बिल्ला, सगळं. विमानात बसून तासगावला जाईपर्यंत पुरेल एवढं. त्याचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. हॉर्न ऐकून रस्त्याच्या मधोमध थिजलेल्या जनावराचे असतात तसे.

"जिवंत आहे," मी म्हणालो. "जेवतोय. त्याची आई म्हणते, तुझा बाप अंडं करपवतो."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्या केसांतून, टाके चुकवत, हात फिरवत बसलो.